करंगळी

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत, जिन्याखाली माझं दुकान.
आत उभं राहिलं की डोकं आपटतं,
म्हणून गिऱ्हाईक बाहेर, मी आत बसून.
चिमटा बाबांचा.
हुपरीला ते त्यानं पैंजणाच्या कड्या जोडायचे,
मी चार्जिंगच्या भोकातला कापूस काढते.

"चार्जर बदलून बगितला. तीन बदलले."
ते पैसे वाचले असते, भाऊ.
हा बघा तुमच्या खिशाचा धागा,
ही तंबाखू, आणि हे...
गूळ आहे ना?
लाजले. वडणग्याला गुऱ्हाळ आहे म्हणाले.
आधी मोबाईल बंद करायचा, मग लाकडी काडी, हळू.
टाचणी नको.
फुंकरसुद्धा नको, तोंडाची वाफ आत जाते.

काहीजण तांदळाचा डबाच घेऊन येतात,
वरून फक्त मोबाईलची कड दिसते.
त्या तांदळाचा भात करा, मी म्हणते,
आणि भिजलेला मोबाईल चालू करून बघायचा नसतो.
बघितलात?
"चारदाच."

सुभाषनगरचे सातपुते आले, चपलांचे.
"अंगठा घेत न्हाई म्हणतोय."
काच पुसली. अंगठा पुसला. नवा ठसा नोंदवून बघितला.
चाळीस वर्षं आरी आणि रापी, चाळीस वर्षं चामडं दाबून धरलेलं,
अंगठ्यावर रेष कुठं उरलीय?
रेशनच्या मशीनवरही असंच, म्हणाले,
ते म्हणतंय तुमी तुमी न्हाई.
मग एकेक बोट घेतलं.
तर्जनी नाही, मधलं नाही.
डाव्या हाताची करंगळी ठेवली
आणि उघडलं.
त्यांनी ती उन्हात धरून उलटसुलट बघितली.
"हिनं जन्मात काय काम केलं न्हाई," म्हणाले,
"आणि वळख हिचीच."
जोडीला आकडेही घालून ठेवू, मी म्हटलं,
जन्मसाल तेवढं टाकू नका, कुणीही ओळखतं.
"ते मलाच ठाऊक न्हाई."

मुजावर बाईंचा मोबाईल सुस्त.
ब्राउझर उघडला तर शहाऐंशी पानं उघडी,
मेथीच्या लाडवांची कृती चार वेळा,
गुडघ्याचे व्यायाम, पाणीपट्टी,
आणि एक "अभिनंदन!" म्हणणारं,
जे रात्री दोनला टिंग करतं,
कारण एकदा चुकून "परवानगी द्या" दाबलं होतं.
परवानगी काढून घेतली.
बँकेचं पान दाखवलं, वरचा पत्ता वाचा म्हटलं,
एक अक्षर जास्त आहे.
पाटी तुमच्या बँकेची, बाई, दार भलत्याचं.
"फोटो जातील का गं पुसल्यावर?"
नाही जात. ही नुसती अडगळ, कॅशे म्हणतात.
पासवर्डची पेटी वेगळी, तिच्यावरची खूण मी काढलीय, बघा.
एकेक पान मिटत गेले.
शेवटी एक राहिलं, गाडीचं वेळापत्रक,
कोल्हापूर ते अहमदाबाद.
"ते असू दे."
जायचंय का तिकडं?
"छे. सुटते का तेवढं बघते."
मी चांदणी दाबायला शिकवली,
पान बंद केलं तरी खूण राहते, हवं तेव्हा सापडतं.
त्यांनी चांदणी दाबली. पुसली. थोडा वेळ थांबल्या.
"नको," म्हणाल्या, "उघडंच राहू दे."
मी पंच्याऐंशी पानांचे पैसे घेतले नाहीत,
बॅटरीच्या कव्हरचे घेतले.

शटर अर्धं ओढून माझा बघितला.
काचेला दिवाळीपासून चीर.
चार टक्के. लोकांना सांगते वीसच्या खाली जाऊ देऊ नका.
अपडेट वाट बघतंय, त्याला रोज
"नंतर आठवण करा" म्हणते,
आज आधी फोटो दुसरीकडं ठेवीन, मग करीन म्हणते.
डाखाच्या धुरात, चिमट्याच्या टोकाला
दिवसभर घासलेला अंगठा काचेवर ठेवला.
घेतला नाही.
फ्रॉकला पुसायचे लहानपणी तसा ओढणीला पुसला,
पुन्हा ठेवला.
दुसऱ्यांदा घेतो अजून.